पोस्टग्रेसची डिस्क वारंवार भरते तेव्हा: फायली हटवण्याआधी करायच्या तपासण्या

लक्षणे

पोस्टग्रेस या डेटाबेस सर्व्हरची डिस्क भरण्याचा बिघाड तीन तऱ्हांनी समोर येतो आणि आपल्याकडे कोणती तऱ्हा आहे हे आधी नीट ओळखले तर पुढचे बरेच काम वाचते.

पहिल्या तऱ्हेत अ‍ॅप्लिकेशनला माहिती वाचता येते, पण नवी नोंद घालताना ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’ हा संदेश आणि ५३१०० हा त्रुटी-क्रमांक मिळतो. सर्व्हर चालूच राहतो, फक्त ते ट्रान्झॅक्शन (एकत्रच पूर्ण किंवा रद्द होणाऱ्या कामांचा संच) रद्द होते. दुसऱ्या तऱ्हेत सर्व्हर लॉगमध्ये ‘पॅनिक’ अशी नोंद करून बंद पडतो आणि पुन्हा सुरू करायला गेल्यास त्याच जागी पुन्हा कोसळतो. तिसरी तऱ्हा सर्वांत फसवी असते. मध्यरात्री डिस्क ९८ टक्के भरल्याची सूचना येते, कोणी पाहायला बसेपर्यंत ती ६० टक्क्यांवर आलेली असते, आणि चार दिवसांनी नेमके तेच पुन्हा घडते.

पहिली तऱ्हा बहुधा टेबल आणि इंडेक्स ज्या डिस्कवर आहेत ती भरल्याची खूण असते, दुसरी राइट-अहेड लॉगची, म्हणजे प्रत्येक बदल आधी ज्यात नोंदला जातो आणि ज्याला आपण सारे ‘वॉल’ म्हणतो त्याची, डिस्क भरल्याची, आणि तिसरी एखाद्या क्वेरीने तात्पुरत्या फायलींचा डोंगर उभा केल्याची. टेबल आणि वॉल एकाच डिस्कवर असतील तर पहिल्या तऱ्हेची सुरुवात पाहता पाहता दुसऱ्या तऱ्हेत बदलू शकते, म्हणून अशा ठिकाणी पहिल्या संदेशालाच तातडीचे समजावे.

हा बिघाड मी अनेक ठिकाणी आणि काही ठिकाणी पुन्हा पुन्हा दुरुस्त केला आहे. डिस्क खरोखरच लहान पडली, असे त्यांतल्या फार थोड्या वेळा निघाले. पोस्टग्रेस जुन्या वॉल फायली आणि जुन्या ओळी स्वतःहून टाकून देण्यास तयार असते. पण मागे पडलेला स्टँडबाय (मुख्य सर्व्हरची सतत अद्ययावत होणारी प्रत), अयशस्वी होणारी आर्काइव्हची (वॉल फायली बॅकअपच्या ठिकाणी नेणारी) आज्ञा किंवा उघडे राहिलेले एखादे ट्रान्झॅक्शन यांपैकी कोणी तरी ‘हे मला अजून लागणार आहे’ असे सांगून तिचा हात धरून ठेवलेला असतो. तो शोधल्याशिवाय मोकळी केलेली प्रत्येक जागा काही दिवसांत पुन्हा भरते, आणि बिघाड ‘वारंवार’ येतो तो यामुळेच.

काहीही करण्याआधी

डेटा डिरेक्टरीमधली कोणतीही फाइल हाताने पुसू नये. नियम साधा आहे, पण घाईच्या क्षणी तोच सर्वांत आधी मोडला जातो. दहाव्या आवृत्तीपूर्वी वॉलच्या डिरेक्टरीचे नाव पीजी_एक्सलॉग असे होते आणि ट्रान्झॅक्शनांच्या स्थितीची नोंद पीजी_क्लॉग नावाच्या डिरेक्टरीत असे. नावात ‘लॉग’ पाहून लोक त्या निरुपयोगी समजून रिकाम्या करीत आणि डेटाबेस गमावून बसत. २०१७ साली आलेल्या दहाव्या आवृत्तीत ही नावे पीजी_वॉल आणि पीजी_एक्सॅक्ट अशी बदलण्यात आली, ती याच कारणाने. नाव बदलले तरी मोह बदललेला नाही. सर्व्हर अचानक बंद पडल्यास तो पुन्हा सुसंगत स्थितीत येतो तो याच फायलींच्या आधारे, त्यामुळे त्यांतली कोणती लागेल आणि कोणती नाही हे ठरवण्याचे काम सर्व्हरचेच राहू द्यावे.

पहिली तपासणी: डिस्क खरोखर कशाने भरली आहे

सुरुवात डिस्कवरची वापरलेली आणि मोकळी जागा दाखवणाऱ्या डीएफ या आज्ञेने करावी, कारण तिला काही सेकंद लागतात आणि तिच्यामुळे काहीही बिघडत नाही. ती दोनदा चालवावी: एकदा जागेसाठी आणि एकदा आयनोडसाठी, म्हणजे फाइल सिस्टिम प्रत्येक फाइलसाठी ठेवते त्या नोंदींसाठी. जागा शिल्लक असूनही आयनोड संपले असतील तर संदेश अगदी तोच येतो, आणि मग मोठ्या फायली शोधण्यात घालवलेला सगळा वेळ वाया जातो. लाखो छोट्या फायली साठवणारे दुसरे एखादे सॉफ्टवेअर त्याच डिस्कवर असेल तर हे हमखास घडते.

एक्स्ट४ या फाइल सिस्टिमवर आणखी एक गोष्ट पाहावी. ती साधारणपणे ५ टक्के जागा रूट या सर्वाधिकारी वापरकर्त्यासाठी राखून ठेवते आणि पोस्टग्रेस रूट म्हणून चालत नसल्याने ती जागा तिला मिळत नाही. दोन टेराबाइटच्या डिस्कवर हा राखीव भाग सुमारे १०० गिगाबाइट होतो. ज्या डिस्कवर फक्त डेटाबेस आहे तिथे ट्यून२एफएस हे साधन वापरून हे प्रमाण १ टक्क्यावर आणले तर सर्व्हर बंद न करता श्वास घेण्यापुरती जागा तत्काळ मिळते. हा उपाय नव्हे, पण पुढच्या तपासण्या शांतपणे करण्यासाठी तो वेळ मिळवून देतो, आणि अशा प्रसंगी वेळेइतके मोलाचे दुसरे काही नसते.

त्यानंतर डीयू या आज्ञेने डिरेक्टरींच्या आकारांची बेरीज करून ती डीएफच्या आकड्याशी ताडून पाहावी. दोन्हींत मोठा फरक दिसला तर कोणती तरी फाइल पुसली गेली आहे, पण चालू असलेल्या एखाद्या प्रोसेसने ती उघडी धरून ठेवली आहे, असे समजावे. अशा फायली एलएसओएफ या आज्ञेने दिसतात. बहुतेक वेळा हा सर्व्हरचा संदेश-लॉग असतो, जो कोणी तरी जागा मोकळी करण्यासाठी पुसलेला असतो आणि ज्याची जागा त्यामुळे मुळीच मोकळी झालेली नसते. पीजी_रोटेट_लॉगफाइल हे फंक्शन चालवून सर्व्हरला नवी लॉग फाइल उघडायला लावली की ती जागा सुटते.

दुसरी तपासणी: संदेशांचे लॉग

संदेशांचे लॉग मात्र सुरक्षितपणे हलवता येतात, आणि म्हणून ते आधी पाहावेत. एखाद्या मंद क्वेरीचा शोध घेताना प्रत्येक क्वेरी नोंदवण्याची सेटिंग चालू केली गेली आणि काम झाल्यावर ती बंद करायची राहून गेली, असे मी अनेकदा पाहिले आहे. जुने लॉग कॉम्प्रेस करून दुसऱ्या डिस्कवर न्यावेत, सेटिंग पूर्ववत करावी आणि पुढे जावे.

तिसरी तपासणी: वॉल का साचत आहे

इथे घाई करू नये, कारण सर्व्हर पूर्ण बंद पडण्याचे प्रसंग मला सर्वांत जास्त इथेच भेटले आहेत. वॉलची एक फाइल सहसा १६ मेगाबाइटची असते आणि मॅक्स_वॉल_साइज या सेटिंगची मूळ (डीफॉल्ट) किंमत १ गिगाबाइट असते. ही मर्यादा कडक नाही. कामाचा लोंढा आला तर ती काही काळ ओलांडली जाते. परंतु या सेटिंगच्या अनेक पटींनी पीजी_वॉल वाढलेली असेल आणि वाढतच असेल, तर तिथे कोणी तरी जुन्या फायली धरून ठेवत आहे, हे नक्की समजावे.

पहिला संशयित म्हणजे रेप्लिकेशन स्लॉट. स्लॉट म्हणजे सर्व्हरने वॉल वाचणाऱ्या एखाद्या ग्राहकाला, उदाहरणार्थ स्टँडबायला, दिलेले वचन असते: तू जिथपर्यंत वाचले आहेस त्यापुढचे काहीही मी टाकणार नाही. ग्राहक कायमचा निघून गेला तरी वचन कायम राहते. पीजी_रेप्लिकेशन_स्लॉट्स या दृश्यात (व्ह्यूमध्ये) प्रत्येक स्लॉटचे नाव, तो सध्या सक्रिय आहे का आणि त्याने वॉलमधल्या कोणत्या स्थानापासूनचा भाग राखून ठेवला आहे हे दिसते. वॉलचे सध्याचे स्थान आणि ते स्थान यांतला फरक पीजी_वॉल_एलएसएन_डिफ या फंक्शनने बाइटमध्ये काढता येतो. दर १० सेकंदांना वॉलची एक फाइल तयार करणाऱ्या, म्हणजे मध्यमच काम असलेल्या सर्व्हरवर तासाला सुमारे ५.६ गिगाबाइट वॉल तयार होतो. शुक्रवारी संध्याकाळी स्टँडबाय बंद पडला आणि सोमवारी सकाळी ते कोणाच्या लक्षात आले, तर मधल्या ६० तासांत ३३० गिगाबाइटहून अधिक वॉल साचलेला असतो.

एका संस्थेत हाच प्रकार तीन महिन्यांत चार वेळा घडला होता आणि प्रत्येक वेळी डिस्क वाढवून प्रश्न मिटवला गेला होता. शोध घेतल्यावर असे आढळले की डेटा दुसऱ्या प्रणालीत नेण्याच्या एका प्रयोगासाठी लॉजिकल स्लॉट तयार केला गेला होता, प्रयोग सोडून दिला गेला आणि स्लॉट तसाच राहिला. ज्यांनी तो तयार केला त्यांना तो मागे राहतो हेच माहीत नव्हते, आणि ज्यांच्याकडे सर्व्हरची जबाबदारी होती त्यांना तो तयार झाल्याचे माहीत नव्हते. म्हणून निष्क्रिय स्लॉट दिसला की लगेच काढून न टाकता तो कोणाचा आहे हे आधी विचारावे. स्लॉट काढल्यावर त्याचा स्टँडबाय मागचा वॉल आर्काइव्हमधून मिळवू शकला नाही, तर तो नव्याने उभारावा लागतो. मालकी स्पष्ट झाली आणि स्लॉट नको असे ठरले की पीजी_ड्रॉप_रेप्लिकेशन_स्लॉटने तो काढावा आणि चेकपॉइंटची, म्हणजे साचलेले बदल डेटा फायलींत उतरवण्याची, आज्ञा द्यावी. जुन्या फायली चेकपॉइंटनंतर सर्व्हर स्वतःच काढतो.

तेराव्या आवृत्तीपासून मॅक्स_स्लॉट_वॉल_कीप_साइज ही सेटिंग उपलब्ध आहे, पण तिची मूळ किंमत ‘अमर्याद’ अशी आहे. माझ्या मते स्लॉट वापरणाऱ्या प्रत्येक सर्व्हरवर तिला ठरावीक मर्यादा घालायला हवी. मर्यादा ओलांडली की तो स्लॉट निकामी होतो आणि स्टँडबाय पुन्हा उभारावा लागतो हे खरे आहे. पण एक स्टँडबाय पुन्हा उभारणे आणि मुख्य सर्व्हर बंद पडणे यांत निवड करायची असेल, तर मला त्यात विचार करण्यासारखे काही दिसत नाही.

दुसरा संशयित म्हणजे आर्काइव्हची आज्ञा. ती यशस्वी झाल्याचे कळेपर्यंत सर्व्हर संबंधित वॉल फाइल सोडत नाही, आणि बॅकअपच्या ठिकाणचा पासवर्ड बदलला, तिथली जागा संपली किंवा नेटवर्कचा मार्ग बंद झाला, की ती प्रत्येक वेळी अयशस्वी होत राहते. पीजी_स्टॅट_आर्काइव्हर या दृश्यात शेवटची यशस्वी फाइल, शेवटची अयशस्वी फाइल आणि अपयशांची संख्या दिसते. अपयशाची वेळ यशाच्या वेळेपेक्षा अलीकडची असेल तर दोषी सापडला. इथे काही जण आज्ञेच्या जागी नेहमी यशच कळवणारी पोकळ आज्ञा घालतात. जागा लगेच मोकळी होते, परंतु बॅकअपची साखळी त्या क्षणी तुटते आणि नवा संपूर्ण बॅकअप घेईपर्यंत त्यानंतरच्या कोणत्याही क्षणाला परत जाता येत नाही. म्हणून आज्ञेचे मूळ दुखणे दुरुस्त करावे. दुसरा इलाज उरलाच नसेल आणि पोकळ आज्ञा घालावी लागली, तर संबंधितांना ते लेखी कळवावे आणि मूळ आज्ञा परत लावताच नवा संपूर्ण बॅकअप घ्यावा.

चौथी तपासणी: तात्पुरत्या फायली

डिस्क भरून स्वतःच रिकामी होत असेल तर इथे पाहावे. मोठी क्रमवारी किंवा हॅश जोडणी (टेबले जोडण्याची एक पद्धत) वर्क_मेम या मेमरीच्या मर्यादेत मावली नाही, आणि तिची मूळ किंमत फक्त ४ मेगाबाइट आहे, तर पोस्टग्रेस उरलेले काम डिस्कवर उतरवते. क्वेरी संपली किंवा जागेअभावी कोलमडली की त्या फायली नाहीशा होतात, आणि पुराव्यासकट बिघाडही नाहीसा होतो. जोडणीची अट लिहायची विसरल्यामुळे दोन मोठी टेबले प्रत्येक ओळीला प्रत्येक ओळ अशी जोडली जाणे, हे याचे मला सर्वाधिक भेटलेले कारण आहे.

बिघाड चालू असतानाच पाहता आले तर पीजीएसक्यूएल_टीएमपी या डिरेक्टरीतल्या फायलींची नावे पाहावीत, कारण त्या नावांतच संबंधित प्रोसेसचा क्रमांक असतो. तोच क्रमांक पीजी_स्टॅट_अ‍ॅक्टिव्हिटीमध्ये शोधला की क्वेरी आणि वापरकर्ता दोन्ही समोर येतात. पाहता आले नाही तर लॉग_टेम्प_फाइल्स ही सेटिंग चालू करून पुढच्या वेळेची वाट पाहावी. टेम्प_फाइल_लिमिट ठरवून दिली तर एका क्वेरीची चूक त्या क्वेरीपुरतीच राहते. वर्क_मेम सरसकट वाढवणे मात्र टाळावे, कारण ती मर्यादा एकाच क्वेरीतल्या प्रत्येक क्रमवारीला आणि प्रत्येक जोडणीला वेगळी लागू होते, आणि शेकडो कनेक्शन असलेल्या सर्व्हरवर डिस्कचा प्रश्न सुटून मेमरीचा प्रश्न उभा राहतो.

पाचवी तपासणी: टेबल आणि इंडेक्स फुगणे

ही तपासणी शेवटी ठेवली आहे, कारण तिला वेळ लागतो आणि तिचे उपाय महागात पडू शकतात. पोस्टग्रेसमध्ये ओळ बदलली की जुनी आवृत्ती जागेवरच राहते आणि नवी वेगळी लिहिली जाते. जुनी कोणालाच दिसण्याची शक्यता उरली नाही की ऑटोव्हॅक्यूम, म्हणजे आपोआप चालणारी सफाई, ती जागा पुन्हा वापरायला मोकळी करते. ‘कोणालाच’ हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. सकाळी सुरू होऊन दुपारपर्यंत उघडे राहिलेले एकच ट्रान्झॅक्शन, मग ते काहीही करत नसले तरी, त्या डेटाबेसमधल्या सगळ्या टेबलांतल्या तेव्हापासूनच्या मृत ओळींची सफाई अडवून धरू शकते.

म्हणून आधी पीजी_स्टॅट_अ‍ॅक्टिव्हिटीमध्ये सर्वांत जुने ट्रान्झॅक्शन पाहावे आणि ‘आयडल इन ट्रान्झॅक्शन’ (ट्रान्झॅक्शन उघडे, पण काम काहीच नाही) या अवस्थेतल्या कनेक्शनांकडे विशेष लक्ष द्यावे. तिथे काही सापडले नाही तर पीजी_प्रिपेअर्ड_एक्सॅक्ट्स पाहावे. दोन टप्प्यांत पूर्ण होणारी ट्रान्झॅक्शने अर्धवट राहिली तर ती कोणत्याही कनेक्शनशी जोडलेली नसतात आणि सर्व्हर पुन्हा सुरू केला तरी टिकून राहतात, त्यामुळे ही जागा पाहायची अनेकदा राहून जाते. शिवाय आधी सांगितलेले स्लॉट आणि हॉट_स्टँडबाय_फीडबॅक (स्टँडबायवरच्या क्वेरींना अजून लागणाऱ्या ओळी मुख्य सर्व्हरला राखायला लावणारी सेटिंग) चालू असलेला स्टँडबाय हेही सफाई अडवतात. स्टँडबायवर चाललेल्या लांबलचक अहवालामुळे मुख्य सर्व्हरची टेबले फुगली आहेत, हे पहिल्यांदा सापडते तेव्हा सहजी खरे वाटत नाही. अडवणारा दूर केल्यावर संबंधित टेबलवर व्हॅक्यूम व्हर्बोस चालवावे. मृत आहेत पण अद्याप काढता येत नाहीत अशा ओळींची संख्या ते स्पष्ट सांगते.

अडवणारा कोणीच नसेल तर ऑटोव्हॅक्यूमच उशिरा येत असेल. मूळ सेटिंगप्रमाणे टेबलच्या २० टक्के ओळी अधिक ५० इतक्या ओळी मृत झाल्यावर ते टेबलकडे वळते. १० कोटी ओळींच्या टेबलसाठी हा आकडा २ कोटी होतो, आणि तोवर फुगवटा बराच वाढलेला असतो. अशा मोजक्या मोठ्या टेबलांसाठी हे प्रमाण टेबलनिहाय १ टक्क्यावर आणावे. ऑटोव्हॅक्यूममुळे सर्व्हर मंद होतो या समजुतीने ते बंद करून ठेवलेले मी पाहिले आहे, आणि त्या प्रत्येक ठिकाणी पुढे फार मोठी किंमत मोजावी लागली आहे.

साधे व्हॅक्यूम मोकळी झालेली जागा त्या टेबलच्या पुढच्या नोंदींसाठी ठेवते. ती ऑपरेटिंग सिस्टिमला सहसा परत करत नाही. त्यामुळे व्हॅक्यूमनंतरही डीएफचा आकडा तोच दिसला तर निराश होऊ नये. वाढ थांबली असेल तर काम झाले आहे. जागा परत हवीच असेल तर व्हॅक्यूम फुल आहे, पण ते टेबलची संपूर्ण नवी प्रत तयार करते आणि ते चालू असेपर्यंत त्या टेबलवर वाचनदेखील करू देत नाही. भरलेल्या डिस्कवर ३०० गिगाबाइटच्या टेबलला ते लावणे म्हणजे उरलेली जागाही संपवणे होय. त्याआधी इंडेक्स पाहावेत: बाराव्या आवृत्तीपासून रीइंडेक्स कॉन्करंटलीने ते काम न थांबवता नव्याने बांधता येतात, आणि नव्या इंडेक्सपुरतीच मोकळी जागा लागत असल्याने सर्वांत लहान फुगलेल्या इंडेक्सपासून सुरुवात करता येते. न वापरलेले इंडेक्स पीजी_स्टॅट_यूजर_इंडेक्सेसमध्ये शून्य वापराने ओळखता येतात. मात्र हे आकडे प्रत्येक सर्व्हरचे स्वतंत्र असतात, म्हणून स्टँडबायवरही पाहिल्याखेरीज आणि तो इंडेक्स एखाद्या प्रायमरी की किंवा युनिक अटीचा नाही याची खात्री केल्याखेरीज काहीही काढू नये.

कुठे थांबावे आणि तज्ज्ञाला बोलवावे

पुढील परिस्थितींत स्वतः प्रयत्न करत राहू नये. पीजी_वॉल किंवा डेटा डिरेक्टरीतली फाइल कोणी आधीच पुसली असेल आणि सर्व्हर अजून चालू असेल, तर तो बंद किंवा पुन्हा सुरू करू नये, कारण उघड्या फायलींतून आणि चालू सर्व्हरमधून जे वाचवता येते ते बंद केल्यावर वाचत नाही. लॉगमध्ये चेकसम (डेटा बिघडला आहे का हे ओळखण्याचा पडताळा-आकडा) न जुळल्याचे किंवा पान अवैध असल्याचे संदेश असतील, अथवा ऑपरेटिंग सिस्टिमच्या नोंदींत डिस्कच्या वाचन-लेखनाच्या त्रुटी दिसत असतील, तर प्रश्न जागेचा नाही आणि वरच्या कोणत्याही उपायाने तो सुटणार नाही. सर्व्हर पॅनिक होऊन पडला आहे, डिस्क वाढवल्यावरही तो सुरू होत नाही आणि पडताळून पाहिलेला बॅकअप हाताशी नाही, तर बंद अवस्थेतच संपूर्ण डेटा डिरेक्टरीची प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्यावी आणि त्यापुढे हात लावू नये.

पीजी_रीसेटवॉल या साधनाचे नाव अशा वेळी कोणी ना कोणी सुचवतेच. ते सर्व्हर सुरू करून देते, पण पूर्ण झालेली ट्रान्झॅक्शने हरवलेली आणि टेबल-इंडेक्स परस्परांशी विसंगत झालेली असू शकतात. त्यानंतर तो डेटाबेस वापरात ठेवायचा नसतो, तर जे निघेल ते डंप करून, म्हणजे बाहेर काढून, नव्या डेटाबेसमध्ये भरायचे असते आणि काय हरवले ते तपासायचे असते. हे काम ज्याने आधी केले आहे त्याच्याच हाती द्यावे, आणि तो येईपर्यंत वर सांगितलेली प्रत जशीच्या तशी जपून ठेवावी.